हलती पाने, अडखळती रेंज

वेबसाइट बांधण्याच्या साधनांचे ढोबळमानाने दोन स्वभाव दिसतात. एका प्रकारात आधी मजकूर येतो, मथळे, परिच्छेद आणि तक्ते ठरतात, सजावट मागून होते. दुसऱ्या प्रकारात बांधणाऱ्यासमोर सुरुवातीलाच एक रिकामा मंच आणि त्याच्या जोडीला काळाची पट्टी असते. कोणते चित्र कितव्या सेकंदाला कुठून सरकत येईल, मथळा कसा उमटेल, पान वर सरकवताना मागचा डोंगर किती हळू हलेल, हे तिथे आधी ठरते. या दुसऱ्या प्रकाराला अॅनिमेशनवर आधारलेली साधने म्हणतात. त्यांनी बांधलेली पाने पाहताक्षणी डोळ्यांत भरतात आणि म्हणूनच वेबसाइट करून घेणारा ग्राहक त्यांच्यावर लवकर भाळतो.

या साधनांचे गुणदोष तोलायला चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे चांगली जागा आहेत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला, पण जंगल सलगच राहिले. या पट्ट्यातल्या वेबसाइटींना दोन टोकांचे वाचक आहेत. ताडोबा व्याघ्रप्रकल्पाच्या मोहर्ली किंवा कोलारा गेटजवळच्या रिसॉर्टची साइट पाहणारा माणूस पुण्या-मुंबईत किंवा परदेशात, वेगवान इंटरनेटसमोर बसलेला असतो. भरतीची यादी किंवा योजनेचा अर्ज शोधणारा एटापल्ली-भामरागडचा तरुण मात्र रेंज जिथे मिळते त्या जागी उभा राहून, उरलेल्या डेटाचा हिशेब ठेवत पान उघडतो. साधन एकच असले, तरी त्याचे मोल दोघांसाठी वेगळे पडते.

या साधनांचा इतिहास फ्लॅशपासून सुरू होतो. १९९६ मध्ये फ्यूचरस्प्लॅश अॅनिमेटर नावाचे एक छोटे सॉफ्टवेअर बाजारात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस मॅक्रोमीडिया कंपनीने ते विकत घेतले आणि त्याचे नाव फ्लॅश झाले. २००५ मध्ये मॅक्रोमीडियाच अडोबीकडे गेली. फ्लॅशमधली चित्रे ठिपक्यांची नव्हती, रेषांच्या गणिताने बनलेली होती. त्यामुळे फाइल लहान राहत असे आणि टेलिफोन लाइनवरून चालणाऱ्या डायल-अपवरही हलते चित्र दिसू शकत असे. पुढे त्यात आवाज आला, खेळ आले, व्हिडिओ आला. २००५ मध्ये सुरू झालेले यूट्यूब आरंभी फ्लॅशवरच चालत होते. म्हणजे वेगाची आणि वजनाची जी तक्रार आज अॅनिमेशनबद्दल केली जाते, तिच्यावरचा उपाय म्हणूनच हे साधन जन्माला आले होते.

मराठीला फ्लॅशने एक वेगळी सोय दिली. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची सामाईक संकेतपद्धती रुळण्याआधी मराठी साइटी आपापल्या फाँटवर चालत. एका वृत्तपत्राचा फाँट दुसऱ्याच्या साइटला उपयोगी पडत नसे आणि फाँट उतरवून घेतला नाही तर पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हांची रांग दिसे. विंडोज एक्सपीतही देवनागरीची सोय पुष्कळदा वेगळी चालू करून घ्यावी लागे. फ्लॅशमध्ये अक्षरांचे आकारच फाइलमध्ये बंदिस्त करता येत. त्यामुळे कोणत्याही संगणकावर मराठी मथळा नीट, वळणदार दिसायचा. त्या काळात ही सोय फार मोठी होती.

तिची किंमत नंतर कळली. फाइलमधली अक्षरे म्हणजे नुसत्या आकृत्या होत्या. ती पुष्कळदा निवडता येत नसत, उतरवून घेता येत नसत आणि शोधयंत्राला बराच काळ दिसतही नसत. मजकूर काढला तरी जुन्या फाँटच्या सांकेतिक लिपीमुळे त्यातून काही वाचता येईल याची खात्री नसे. देवनागरीसारख्या जोडाक्षरी लिप्या फ्लॅशला नीट मांडता येऊ लागल्या त्या २००८ च्या दहाव्या आवृत्तीपासून. त्याच सुमाराला फोनचे युग सुरू झाले होते आणि आयफोनमध्ये फ्लॅश नव्हते. एप्रिल २०१० मध्ये आयफोनच्या कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी त्यामागची कारणे जाहीर पत्रातून मांडली. बॅटरी लवकर संपते, सुरक्षेला छिद्रे पडतात, बोटाने चालणाऱ्या पडद्यासाठी हे साधन नाही आणि एका कंपनीच्या मालकीचे आहे, हे त्यातले मुख्य मुद्दे होते. मोबाइलवरचे फ्लॅश अडोबीने २०११ मध्ये सोडून दिले, ३१ डिसेंबर २०२० रोजी उरलेला आधार काढला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने फायली उघडणेच बंद केले. दक्षिण आफ्रिकेच्या कर खात्याचे काही अर्ज तोवर फ्लॅशमध्येच होते. ते भरता यावेत म्हणून त्या खात्याला जानेवारी २०२१ मध्ये स्वतःचा वेगळा ब्राउझर लोकांना द्यावा लागला! जुनी फ्लॅश चित्रे आज रफल नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरमुळे काही प्रमाणात पाहता येतात. खेळ आणि कार्टूने त्यामुळे वाचली, पण कचेऱ्यांच्या आणि संस्थांच्या साइटींवर जो मजकूर होता तो जपण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही.

आजची साधने तीन थरांत पाहता येतात. पहिला थर ब्राउझरमध्येच असलेल्या सोयींचा. सीएसएस ही पानाच्या रूपाची भाषा आणि एसव्हीजी हा रेषाचित्रांचा प्रकार वापरून, बाहेरचे काहीही न उतरवता बटण सरकवता येते, नकाशातला तालुका उजळता येतो. दुसरा थर जावास्क्रिप्ट या पानाच्या वागणुकीच्या भाषेतल्या तयार संचांचा. जीसॅप हा त्यातला जुना आणि भरवशाचा संच, तर त्रिमितीसाठी थ्री-जेएस आहे. लॉटी हा एअरबीएनबीने २०१७ मध्ये खुला केलेला प्रकार. त्यात चित्रकाराने काढलेले अॅनिमेशन मजकुरासारख्या छोट्या फाइलमधून येते आणि पानावर चालते. जीआयएफपेक्षा ते कितीतरी हलके असते, मात्र चालवणारा प्लेअर सोबत उतरवावा लागतो. तिसरा थर म्हणजे वेबफ्लो, विक्स, फ्रेमर आणि वर्डप्रेससाठीचा एलिमेंटर यांसारखी बांधणीची साधने. त्यांत कोड न लिहिता माउसने ओढून पान जुळवता येते आणि हालचालींचे तयार नमुने निवडता येतात. यांतल्या विक्सची सुरुवातही फ्लॅशवरच झाली होती. २०१२ मध्ये ती एचटीएमएल ५ वर आली.

तिसऱ्या थराचा फायदा नाकारण्यात अर्थ नाही. चंद्रपूरसारख्या शहरात कोड लिहिणारा आणि चित्र काढणारा असे दोघे जण एका छोट्या व्यवसायाला परवडत नाहीत. अशा साधनाने एकच माणूस आठवड्याभरात देखणी साइट उभी करू शकतो. ताडोबाच्या वाटेवरच्या होमस्टेवाल्याला पुण्याच्या कुटुंबाला पहिल्या पाच सेकंदांत खुणवायचे असते. वाघ पाणवठ्यावर उतरतानाची दहा सेकंदांची ध्वनिचित्रफीत जे करते ते दहा ओळींचे वर्णन करत नाही. तिथे हालचाल हाच माल आहे आणि ग्राहकाचे नेटही तिला पेलणारे आहे. पण त्याच साइटवर मंगळवारी व्याघ्रप्रकल्प बंद असतो, पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभाक्षेत्रातली सफारी थांबते, कोणते गेट राहण्याच्या जागेपासून जवळ आहे, ही माहिती चार वेळा पान सरकवल्यावर तुकड्यातुकड्यांनी उमटू लागली, तर ग्राहक वैतागतो आणि फोन करतो. अर्थात पुष्कळ होमस्टेवाल्यांना तो फोनच हवा असतो, हेही खरे.

अॅनिमेशन खऱ्या अर्थाने कामी येते ते विषयातच हालचाल असते तेव्हा. गडचिरोलीच्या 'सर्च' या संस्थेचे बालकांतल्या न्यूमोनियावरचे काम १९८० च्या दशकाअखेरीचे आहे. न्यूमोनिया ओळखण्याची खूण म्हणजे श्वासांचा वेग. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षापर्यंतच्या बाळाचे ५० किंवा जास्त आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असतील, तर धोका. अक्षरओळख नसलेल्या दायांनाही हे मोजता यावे म्हणून तिथे वाळूचे घड्याळ आणि सरकते मणी यांचे साधे उपकरण तयार झाले. हा विषय वेबपानावर शिकवायचा तर परिच्छेद तोकडा पडतो. साध्या श्वासाची छाती आणि आत ओढली जाणारी छाती शेजारी शेजारी हलताना दाखवली की मराठी, माडिया, गोंडी, तेलुगू यांपैकी कोणतीही भाषा बोलणाऱ्या आईला फरक कळतो. रेषाचित्रातले असे अॅनिमेशन एका साध्या छायाचित्रापेक्षाही लहान फाइलमध्ये बसते.

काळ हा विषय असलेली माहितीही अशीच. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. देशात ते मिळालेल्या पहिल्या गावांपैकी हे एक. नंतर जिल्ह्यातल्या हजाराहून अधिक गावांचे दावे मान्य झाले. तक्त्यात ही नुसती नावांची लांबलचक यादी होते. वर्षाची पट्टी सरकवताच गाव-गाव रंगत जाणारा नकाशा मात्र सांगतो की हे काम कुठून पसरले आणि कुठे अडले. ताडोबा-अंधारीचे सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचे गाभाक्षेत्र आणि भोवतालचे ११०० चौरस किलोमीटरचे बफर यांच्यातला फरकही हलत्या नकाशावर लवकर उमगतो. मागे सरकणारे डोंगर किंवा उडत येणारे मथळे असे काहीच शिकवत नाहीत. विषय समजावणे आणि पान सजवणे ही दोन कामे साधनविक्रेत्यांच्या जाहिरातीत एकाच नावाखाली विकली जातात. फसगत बहुतेक वेळा तिथेच होते.

आता पानाच्या वजनाकडे. गडचिरोलीचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे आणि दक्षिणेकडचे तालुके दूरदूर विखुरलेले आहेत. नक्षलग्रस्त भागांसाठी केंद्र सरकारने २०१४ मध्ये मंजूर केलेल्या योजनेतले टॉवर २जी चे होते. देशभरातले असे २,३४३ टॉवर ४जी करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये घेतला. म्हणजे शहरातला डिझायनर ध्वनिचित्रफितीची पार्श्वभूमी लावत होता, त्याच काळात या भागातले वाचक २जी वर होते. २जी वर प्रत्यक्षात सेकंदाला १०० किलोबिट मिळतात असे धरले, तर तीन मेगाबाइटचे पान उतरायला चार मिनिटे लागतात. वीस किलोबाइटची साधी सूचना दोन सेकंदांच्या आत येते. ४जी आले तरी टॉवरपासूनचे अंतर, वीज आणि पावसाळा यांवर वेग अवलंबून राहतोच. शिवाय उतरलेला प्रत्येक मेगाबाइट वाचकाच्या डेटा पॅकमधून जातो. सजावटीची हौस एकाची आणि तिचे बिल दुसऱ्याच्या नावावर, असा हा व्यवहार आहे.

नेट चांगले असले तरी फोन अडतो. हालचाल गुळगुळीत दिसायची तर पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटावी लागतात, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी सुमारे १६ मिलिसेकंद मिळतात. वस्तू सरकवणे, फिरवणे किंवा विरळ करणे ही कामे फोनचा चित्रप्रक्रियक सहज करतो. पण वस्तूची उंची-रुंदी बदलली की ब्राउझरला सगळ्या पानाची मांडणी पुन्हा मोजावी लागते. स्वस्त फोन तिथे धापा टाकतो, बॅटरी तापते आणि बोट लावल्यावर पान उशिरा प्रतिसाद देते. माउसने ओढून पान जुळवणाऱ्याला हा फरक कळण्याचे कारणच नसते. साधन त्याला दोन्ही पर्याय सारख्याच सहजतेने देते.

मराठीची आणखी एक अडचण इंग्रजीतल्या परीक्षणांत क्वचितच सापडते. 'अक्षरामागून अक्षर उमटणारा मथळा' हा या साधनांतला लाडका नमुना आहे. रोमन लिपीत एक चिन्ह म्हणजे एक अक्षर. देवनागरीत 'क्षि' या एका अक्षरामागे क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हे असतात. साधनाने चिन्हे मोजून तुकडे केले की आधी 'क' दिसतो, मग पाय मोडलेला 'क्', मग अचानक 'क्ष' आणि शेवटी वेलांटी उडी मारून डावीकडे येते. अक्षरे वेगवेगळी सरकवली तर शिरोरेषा तुटते आणि काना-मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळांवर बसून लोंबकळतात. यावर उपाय आहेत. वाचकाच्या दृष्टीने एक असलेला अक्षरसमूह ओळखण्याची सोय आता ब्राउझरमध्येच आहे आणि देवनागरीची जोडाक्षरे अखंड धरण्याचा नियम युनिकोडच्या २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. पण साधनाची आवृत्ती जुनी असेल तर त्याचा लाभ मिळत नाही. सोपा मार्ग म्हणजे मराठी मथळा हलवायचाच असेल तर शब्दाशब्दाने किंवा ओळीने हलवावा.

गोंडीची स्थिती याहून नाजूक आहे. मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये आणि गुंजाला गोंडी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली. जुन्या फोनवर या लिप्यांचा फाँट नसला की रिकामे चौकोन दिसतात. ते टाळण्यासाठी मजकूर चित्र म्हणून किंवा अॅनिमेशनच्या आकृत्यांत घालण्याचा मोह होतो. हा मार्ग फ्लॅशच्या काळातल्या मराठीने चालून पाहिला आहे. फाँट पानासोबत पाठवणे थोडे जड पडते, पण मजकूर मजकूर राहतो, शोधता येतो आणि पुढच्या पिढीतल्या साधनात नेता येतो.

हालचाल सगळ्यांना मानवतेच असेही नाही. अर्धशिशीच्या किंवा कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाच्या आजारात सरकती पार्श्वभूमी पाहून भोवळ येते. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारे चित्र अपस्माराच्या काही रुग्णांना झटका आणू शकते. पाच सेकंदांहून जास्त काळ आपोआप चालणारी हालचाल थांबवण्याची सोय हवी, असा वेब-सुगम्यतेचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शाळा आहेत. पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असलेल्या अंध विद्यार्थ्याला उडत येणाऱ्या मथळ्याचे काही सुखदुःख नाही, पण मजकूर नजरेसमोर आल्यावरच पानात भरला जात असेल तर त्याला तो कधी मिळतही नाही. फोनमध्ये 'हालचाल कमी करा' अशी निवड असते. चांगली बांधलेली साइट ती विचारात घेते. त्यासाठी कोडच्या दोन-चार ओळी पुरतात. तयार नमुने वापरणारे बहुतेक जण त्या ओळी लिहीत नाहीत.

सरकारी साइटींची परंपरा वेगळी. धावती पट्टी आणि लुकलुकणारे 'नवीन' हे त्यांचे जुने अलंकार. मुदत संपून गेलेल्या निविदेपुढेही ते 'नवीन' इमानाने लुकलुकत राहते. भारत सरकारने संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आणली आणि २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती काढली. जिल्ह्यांच्या साइटी आता राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एकाच साच्यावर उभ्या असतात. माथ्यावर सरकती चित्रपट्टी, खाली सूचना, कोपऱ्यात अक्षरे लहान-मोठी करण्याची बटणे. साचा कंटाळवाणा आहे खरा, पण एका ठिकाणी दुरुस्ती केली की ती सगळ्या जिल्ह्यांना मिळते आणि चंद्रपूरच्या साइटवर जे जिथे सापडते ते गडचिरोलीच्या साइटवरही तिथेच सापडते. माथ्यावरची चित्रपट्टी मात्र तिथेही पानातली सर्वांत जड वस्तू असते. पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटतो किंवा गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडतात, त्या दिवशी इशारा त्या चित्रांच्या आधी, साध्या मजकुरात उमटायला हवा.

शेवटचा प्रश्न मालकीचा. विक्ससारख्या सेवेत बांधलेली साइट उचलून दुसऱ्या सर्व्हरवर ठेवता येत नाही. वेबफ्लो कोड बाहेर काढू देते, पण त्याच्या माहितीसाठ्यातला मजकूर आणि अर्ज त्यासोबत चालत नाहीत. अडोबीचे म्यूज हे कोडशिवाय साइट बांधण्याचे साधन विकसित करणे २०१८ मध्ये थांबले आणि २०२० मध्ये त्याचा आधार संपला. जीसॅप किंवा लॉटी वापरून केलेले काम आपल्या सर्व्हरवर राहते, पण ते सांभाळायला जाणकार लागतो. ब्राउझरच्या स्वतःच्या सोयी सर्वांत टिकाऊ आहेत, कारण त्या कोणा एका कंपनीच्या नाहीत. या वनपट्ट्यातल्या पुष्कळ संस्थांच्या साइटी एखादा स्वयंसेवक बांधून देतो आणि वर्ष-दोन वर्षांत नोकरीसाठी बाहेर पडतो. मागे राहिलेल्या कार्यकर्त्याला फोन नंबर बदलायचा तरी अॅनिमेशनच्या काळपट्टीत शिरावे लागते.

म्हणून साधन ठरवण्याआधी काही गोष्टी करून पाहणे स्वस्त पडते. नमुन्याचे पान डिझायनरच्या लॅपटॉपवर न पाहता, दोन-तीन वर्षे वापरलेल्या स्वस्त फोनवर, शक्य तर धानोरा किंवा कोरचीच्या बाजारात उभे राहून उघडावे. मजकूर आधी उमटतो की चित्र, ते पाहावे. जावास्क्रिप्ट बंद केल्यावर सूचना आणि फोन नंबर उरतात का, तेही पाहावे. करार करताना डोमेन नाव आणि परवाने संस्थेच्या नावावर असावेत, अॅनिमेशनच्या मूळ फायली आणि सगळा मजकूर युनिकोडमध्ये वेगळा हाती मिळावा आणि मजकूर बदलण्याची जागा हालचालींच्या मांडणीपासून अलग ठेवलेली असावी, या अटी लिहून घ्याव्यात.